आंबोलीची वेणी आणि आमच्या घरची कुंडी



मृग तोंडावर आला की आपल्या घरांतून एकच बोलणे असते. पाऊस कधी येणार, बियाणे आणले का, कुळवणी उरकली का. अशा दिवसांत कोणी फूल बघायला घाटात गेला म्हटले तर तुम्ही त्याला हसाल. मीही हसलो असतो. पण गेल्या वर्षी मृग लागून दोनच दिवस झाले होते आणि मी आंबोलीच्या पावसात एका जांभळाच्या झाडाखाली छत्री धरून चांगला अर्धा तास उभा होतो. तीस वर्षे शेतीखात्यात काढली, गावोगावी पाण्याविषयी भाषणे दिली. तरी जी गोष्ट माझ्या अंगी पुरती मुरली नव्हती, ती त्या झाडाने मला शिकवली. तुमच्या उसाशी, हळदीशी, अंगणातल्या तुळशीशीही तिचा संबंध आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

गोष्ट सुरू होते आमच्या घरातून. माझी मुलगी पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला ती घरी आली ती हातात एक कुंडी घेऊन. कुंडीत चार-पाच जाड, रुंद, तुळतुळीत पाने आणि मधून निघालेल्या एका दांडीवर पांढरी-जांभळी फुले, जणू फुलपाखरे ओळीने बसली आहेत. हे ऑर्किडचे झाड. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. तिच्या हजारो जाती आहेत. मुलीने आणलेली जात फेलिनॉप्सिस नावाची, मूळची आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतली. आता ती शहरात भेट म्हणून सर्रास दिली जाते आणि सुटीला येणाऱ्या लेकी-सुनांबरोबर खेड्यातही पोहोचू लागली आहे.

नातीने आणलेले झाड म्हणून आईने ते आपल्या ताब्यात घेतले. आमची आई ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी देवपूजा झाली की देवाच्या अंघोळीचे पाणी तुळशीला घालायचे हा तिचा जन्माचा नेम. आता तुळशीला अर्धे आणि या कुंडीला अर्धे अशी वाटणी झाली. संध्याकाळी पुन्हा तांब्याभर. फुले दोन-अडीच महिने टिकली. आल्या-गेल्याला आई कौतुकाने झाड दाखवी. मग फुले गळाली. ते काही वावगे नव्हते, फुलांचे दिवस संपले होते. पण चैत्रात पाने मऊ पडू लागली. वैशाखात ती सुरकुतली आणि कुंडीच्या काठावर मान टाकल्यासारखी लोंबू लागली.

“वाळायला लागलंय बग ते,” आई म्हणाली. “तहान लागल्या त्याला.”

मी पेपर वाचत होतो. मान वर करून पानांकडे पाहिले आणि म्हणालो, “ऊन फार आहे यंदा. थोडं जास्त घाल पाणी.”

हे वाक्य लक्षात ठेवा. ते बोलणारा मी कृषी पदवीधर आहे.

जूनच्या सुरुवातीला एक पान देठापासून पिवळे होऊन हातात आले. तेव्हा कुठे मी कुंडी उचलली. वरून दिसणारी कुंडी म्हणजे चिनी मातीचे नुसते शोभेचे भांडे होते. त्याला तळाला भोक नव्हते. आत झाडाची खरी प्लॅस्टिकची कुंडी होती आणि ती चार बोटे पाण्यात बुडून होती. नाकाजवळ नेताच नासक्या भाजीसारखा वास आला. मला राग आला आणि जवळचे माणूस समोर दिसले की राग जिथे निघतो तिथे तो निघाला. “आई, पाणी घालून घालून तू मारलंस त्याला,” मी बोलून गेलो.

आई काही वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी जीव लावला रं. जीव लावून बी कुणी मरतंय व्हय?”

तिचे म्हणणे माझ्या जिव्हारी लागले. पण त्याच सकाळी मला आजऱ्याला भाताच्या एका कार्यक्रमासाठी निघायचे होते. पाणी ओतून टाकले, कुंडी तशीच ओसरीवर ठेवली आणि एस.टी. गाठली.

कागल, निपाणी, उत्तूर करत गाडी आजऱ्याकडे निघाली. तुमच्यापैकी जे या वाटेने गेले असतील त्यांना ठाऊक आहे की मुलूख कसा हळूहळू बदलत जातो. कागलच्या बाजूला उसाची हिरवी चादर, उत्तूरच्या पुढे टेकड्या, मग भाताच्या खाचरांच्या पायऱ्या. रोहिणीत धूळवाफेवर पेरलेली भाते बोटभर वर आली होती. आजरा म्हणजे घनसाळ तांदळाचा मुलूख. शिजताना शेजारच्या घरापर्यंत वास जाणाऱ्या या तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कार्यक्रम दुपारीच आटोपला. आंबोली तिथून जेमतेम तासाभराच्या वाटेवर. तिथे माझा कॉलेजचा एक मित्र राहतो. बरेच वर्षांत भेट नव्हती. शिवाय खरे सांगायचे तर त्या दिवशी घरी लवकर जावे असे वाटत नव्हते. मी सावंतवाडीच्या गाडीत बसलो.

आजरा सोडले की रस्त्याला काजूच्या बागा लागतात, मग जंगल दाट होत जाते. आंबोलीच्या जवळ गाडी धुक्यात शिरली आणि ड्रायव्हरने भर दुपारी दिवे लावले. आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी काठावर वसली आहे. समुद्रावरून येणारे ढग इथल्या कड्याला येऊन थडकतात आणि तिथेच रिते होतात. वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस इथे पडतो. आपल्या पूर्व भागातल्या तालुक्यांत वर्षभर मिळून त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही पडत नाही. इथल्या घरांच्या भिंतींवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, विजेच्या खांबांवर शेवाळ. जुने लोक सांगतात की पावसाळ्यात कपडे चुलीवर वाळवावे लागतात, आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

रविवारी धबधब्यापाशी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. तुम्ही गेलात तर मधल्या वारी जा आणि धबधबा पाहून परत फिरू नका. हिरण्यकेशीला अवश्य जा. तिथे एका गुहेतून नदी उगम पावते आणि गुहेच्या तोंडाशी महादेवाचे देऊळ आहे. हीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात घटप्रभेला आणि घटप्रभेबरोबर कृष्णेला मिळते. याच उगमाच्या पाण्यात एक चिमुकला मासा आहे. तो शास्त्राला नवा असल्याचे २०२० साली जाहीर झाले, त्याला हिरण्यकेशीचेच नाव दिले गेले आणि पुढच्या वर्षी शासनाने ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. देवाच्या पाण्यातला मासा धरायचा नाही, या जुन्या रीतीने किती मोलाची वस्तू राखली ते पाहा.

मित्राच्या घरी पोहोचलो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. चहा झाला. मी काय पेरणी, काय भात अशा गप्पा मारत होतो, पण मन कुंडीपाशी होते. शेवटी मित्राला झाडाची हकीकत सांगितली. त्याचे वडील पलीकडे सुपारी कातरत बसले होते. वय ऐंशीच्या आसपास, पण काठी न घेता चालतात. त्यांनी सगळे ऐकले आणि काही न बोलता डोक्यावर इरले घेऊन उठले. मला हाताने खूण केली. मी छत्री घेऊन त्यांच्या मागे गेलो.

परड्याच्या पलीकडे एक जुने जांभूळ होते. त्याच्या खोडावर, माझ्या डोक्याच्या जरा वर, दुबेळक्यात एक आमरी बसली होती. लांब पट्ट्यांसारखी जाड पाने आणि त्यांतून खाली लोंबणारा वीतभर-सव्वा वीत फुलांचा घोस. पांढरट फुले, त्यांवर जांभळे-गुलाबी ठिपके, एकाला एक चिकटून गुंफलेली. खरोखर कोणी सुगरणीने गुंफलेली वेणी झाडाला बांधली आहे असे वाटावे. तिचे नावही तेच, सीतेची वेणी. वनवासात सीतामाईने केसांत माळलेली वेणी ती हीच, असे आपल्याकडच्या बायका सांगतात. गंमत अशी की तिकडे आसामातही हेच फूल बायका बिहूच्या सणाला केसांत माळतात आणि ते त्या राज्याचे राज्यफूल आहे. वळवाच्या सरींपासून मृगापर्यंत ते आपल्या घाटात फुलते.

पण माझे लक्ष फुलाकडे नव्हते, मुळांकडे होते. बोटाएवढी जाड, पांढुरकी-हिरवी मुळे खोडाला घट्ट कवटाळून होती आणि काही तर सरळ हवेत लोंबत होती. त्यांच्यावर पाऊस अक्षरशः ओतत होता. खोडावरून पाण्याचा पाट वाहत होता. असे चार महिने चालायचे. मी हात वर करून एक मूळ बोटांत धरून पाहिले. ताज्या शेंगेसारखे टणक. कुजल्याची खूण कुठेच नव्हती.

मी म्हणालो, “काका, सात हजार मिलिमीटर पाऊस हिच्या मुळांवर पडतो आणि ही कुजत नाही. आमची दोन तांब्यांनी कुजली.”

काका म्हणाले, “पाणी येता, पाणी जाता. थांबणा नाय.”

एवढेच बोलून ते इरले सावरत घराकडे वळले. मी तिथेच उभा राहिलो.

आता हा सगळा कारभार काय आहे तो नीट समजून घेऊ. आपल्यातले पुष्कळ लोक झाडावर वाढणाऱ्या आमरीला बांडगूळ समजतात. ते खरे नाही. बांडगूळ झाडात मूळ घालून त्याचा रस पिते. आमरी झाडावर नुसती बसते, पाहुण्यासारखी. अन्न-पाणी ती पावसातून, धुक्यातून आणि सालीवर साठलेल्या पालापाचोळ्यातून घेते. त्यासाठी तिच्या मुळांवर स्पंजासारखे एक आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी-पांढरे दिसते. पाऊस पडला की ते काही क्षणांत पाणी शोषून घेते आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. पाऊस उघडला की वारा लागून ते पुन्हा सुकते. भिजायचे नि सुकायचे, हे त्या मुळाचे आयुष्य. तेच मूळ साचलेल्या पाण्यात ठेवले की वारा बंद. मुळालाही आपल्यासारखाच श्वास लागतो. श्वास कोंडला की मूळ आधी मरते आणि मग मेलेल्या मुळावर बुरशी आणि जिवाणू आपले काम करतात.

यात फसवणूक कुठे होते तेही पाहा. मुळेच मेली म्हणजे वर पाणी ओढणार कोण? पान सुकते, मऊ पडते, मान टाकते. पाणी पायाशी तुंबलेले असते आणि झाड वरून तहानलेले दिसते. आपण पान पाहतो आणि आणखी पाणी घालतो. बुडणाऱ्याला पाणी पाजावे तसे ते होते. आमच्या आईने हेच केले, आणि करायला मी सांगितले.

पावसात उभा असताना मला तीस वर्षांपूर्वीचा एक उसाचा फड आठवला. मी नोकरीला नवा होतो. कृष्णाकाठचे एक गाव. काळीभोर, खोल जमीन. एका शेतकऱ्याने बोलावून नेले. ऊस पिवळा पडला होता, दुपारी पाने सुरळीसारखी वळत होती. मी बांधावर उभा राहून पानांकडे पाहिले. पुस्तकात होते, पान पिवळे म्हणजे नत्र कमी, पान वळले म्हणजे पाणी कमी. युरियाचा एक हप्ता द्या आणि पाण्याची पाळी जवळ घ्या, असे सांगून मी मोटरसायकलला किक मारली. शेतकऱ्याचे वडील बांधाशी बसले होते. ते म्हणाले, “सायेब, वाईच उकरून तरी बगा.” मला पुढच्या गावी जायची घाई होती.

पुढे कळले की त्या फडात हातभर खणले तरी पाणी लागत होते. काही वर्षांनी त्या वाटेने गेलो तेव्हा रान पांढरे पडले होते. उन्हात मीठ शिंपडल्यासारखे चमकत होते. एकट्या माझ्या सल्ल्याने ते रान गेले असे म्हणणार नाही. शिरोळ, मिरज, वाळवा या भागांत अशी किती तरी जमीन क्षारपड झाली आहे. भरमसाट पाणी, पाटाची नि नदीवरून उचललेल्या पाण्याची सोय, उसामागून ऊस आणि निचऱ्याच्या बुजलेल्या चरा, अशी पुष्कळ कारणे आहेत. पण त्या दिवशी मी खोरे मागून घेऊन वीतभर माती उकरली असती, तर एका शेतकऱ्याला एक खरी गोष्ट तरी सांगू शकलो असतो. मी ती सांगितली नाही. नंतर त्याच्या घरी जाऊन कबूल करायला हवे होते, तेही केले नाही.

जिथे आभाळ फाटते तिथे मूळ ताजे राहते आणि जिथे पाऊस दुर्मीळ तिथे आपण आपल्या हाताने जमीन बुडवतो. आंबोलीला पाणी उतारावरून पळते, जांभा दगडाच्या भोकांतून पाझरते, वाऱ्याने उडते. आपल्या काळ्या रानात ते बसून राहते. पाणी किती आले यापेक्षा ते गेले की नाही, हे पाहायला हवे.

यासाठी आपल्या भाषेत किती नेमका शब्द आहे पाहा, वापसा. पाऊस पडून गेल्यावर वापसा आला का, हे तुम्ही पायाने ओळखता. चांगल्या वापशाच्या जमिनीत निम्मा भाग मातीचा, पाव भाग पाण्याचा आणि पाव भाग हवेचा असतो. हवा हाही पिकाचा घासच आहे. सीतेची वेणी जन्मभर वापशात राहते. आमची कुंडीतली आमरी सहा महिने चिखलात होती.

निघताना मी काकांना म्हणालो, एखादे लहान रोप मिळेल का. त्यांनी सरळ मान हलवली. “तां थंयच बरां,” म्हणाले. जे जिथे आहे ते तिथेच बरे. त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. आमरीच्या एका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, पण त्या बियांत अन्नसाठा नसतो. योग्य ती बुरशी भेटली तरच बी रुजते. त्यामुळे रोपे फार थोडी होतात आणि ती वाढायलाही वर्षे घेतात. म्हणून तुम्हाला कळकळीचे सांगणे, घाटात गेलात तर आमरी डोळ्यांनी पाहा, उपटून आणू नका. हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेले रोप घ्या.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तो थेट ओसरीवर. आई माळ ओढत बसली होती. तिला म्हणालो, “आई, तुझी चूक नव्हती. जास्त पाणी घाल म्हणून मीच सांगितलं होतं. चल, आता दोघं मिळून बघू.” तिने माळ बाजूला ठेवली.

मग जे केले ते क्रमाने सांगतो. तुमच्या घरी असे झाड आजारी पडले तर उपयोगी पडेल.

झाड कुंडीतून अलगद बाहेर काढले. मुळांभोवती ओल्या शेवाळाचा लगदा घट्ट बसवलेला होता आणि मधोमध, अगदी बुडाशी, रोपपणी बसवलेला शेवाळाचा गोळा तसाच होता. कुजीचे घर तेच. तो सगळा काढून टाकला आणि मुळे साध्या पाण्याखाली धुतली.

आता जिवंत मूळ कोणते आणि मेलेले कोणते? बोटांनी दाबून पाहावे. टणक लागले तर ते जिवंत, मग रंग पांढरा असो, हिरवा असो की अंधारात राहून थोडा पिवळसर झालेला असो. तपकिरी, पिचपिचीत आणि ओढताच वरची साल निघून आत दोरा राहणारे मूळ मेलेले. आमच्या झाडाची मुळे मोजली तर सुमारे वीस. जिवंत फक्त तीन.

कात्री चुलीच्या जाळावर धरून, गार करून घेतली आणि मेलेला भाग चांगल्या भागापर्यंत कापून टाकला. येथे दया दाखवू नये. कुजलेला तुकडा राहिला तर तो पुढे सरकतो. सौभाग्यवतींनी मसाल्याच्या डब्यातली दालचिनी बारीक कुटून दिली. ती चिमटीने फक्त कापलेल्या तोंडांना लावली. दालचिनी बुरशीला काहीशी आवरते, पण मूळही सुकवते, म्हणून सगळ्या मुळांवर उधळू नये. मग झाड सावलीत, वाऱ्यावर, वर्तमानपत्रावर एक दिवस तसेच ठेवले. आईचा जीव वरखाली होत होता. उघडे झाड तिला पाहवेना. पण जखम सुकायला कोरडेपणा लागतो.

दुसऱ्या दिवशी मातीची लहान कुंडी घेतली. कुंभाराकडून तिला बाजूंनीही भोके पाडून घेतली होती. मोठी कुंडी घेऊ नये. मुळे थोडी आणि कुंडी मोठी म्हणजे ओल जास्त दिवस राहते. आत भरायला लाकडी कोळशाचे आणि विटांचे सुपारीएवढे तुकडे, आधी पाण्यात भिजवून निथळून घेतलेले. माती मुळीच घालायची नाही. कोरड्या हवेच्या गावी नारळाच्या सोडणाचे थोडे तुकडे मिसळावेत. पावसाच्या गावी ते टाळावेत, कारण सोडण ओल धरून ठेवते. झाड थोडे तिरपे बसवले. हे मी आंबोलीला पाहून आलो होतो. रानात ही झाडे खोडाला तिरपी वाढतात, त्यामुळे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. कुंडीत आपण त्यांना उभे करतो, मग शेंड्यात पाणी साचून शेंडा कुजतो. आणि शेंडा गेला की ही जात सहसा हाती लागत नाही.

तीन-चार दिवस पाणी दिले नाही. नंतर सकाळच्या वेळी थोडे दिले आणि सगळे निथळू दिले. जागा उजेडाची पण थेट उन्हाची नव्हे. नवी मुळे फुटेपर्यंत खत नाही. मूळ नसलेल्या झाडाला खत म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, सुरकुतलेली जुनी पाने पुन्हा पहिल्यासारखी ताठ होतीलच असे नाही. नव्या पानावर लक्ष ठेवावे. आणि एकही मूळ जिवंत नसेल तर आशा थोडी असते, हेही मनाशी धरून चालावे.

पाणी कधी द्यायचे हे मी आईवरच सोपवले. तिला दोन खुणा शिकवल्या. मूळ रुपेरी दिसले आणि कुंडी हातात हलकी लागली तर पाणी. मूळ हिरवे किंवा कुंडी जड तर त्या दिवशी नाही. वाराचा, घड्याळाचा हिशेब नको. उन्हाळ्यात आमच्याकडे दोन-तीन दिवसांनी पाणी द्यावे लागते, पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागत नाही. पहिल्या दिवशी कुंडी पुढे करून विचारले, “आई, आज?” ती चष्मा सरकवून वाकली आणि म्हणाली, “हिरवं हाय की रं. आज नगं.” देवाच्या अंघोळीचे सगळे पाणी आता तुळशीकडे जाते. तुळशीच्या वृंदावनाला खालून भोक आहे ना, तेही आईने मला वाकून पाहायला लावले.

नवरात्राच्या सुमारास बुडाशी एक हिरवे टोक दिसले. ते नवे मूळ. दिवाळीपर्यंत दुसरे आले आणि मध्ये बोटभर नवे पान. मुलगी आली तेव्हा फूल नव्हते. आई तिला म्हणाली, “ते आजारातनं उठलंय. फुलंल तवा फुलंल.” यंदाच्या थंडीतही दांडी फुटली नाही. आता चार मुळे नवी आहेत आणि पाने दोन. मला तेवढे पुरे आहे.

फेब्रुवारीत रजा काढून मी त्या कृष्णाकाठच्या गावी गेलो. तो शेतकरी आता माझ्याएवढाच पिकला आहे. वडील वारले. मी त्या दिवसाची गोष्ट काढली आणि माझे चुकले असे सांगितले. त्याला ते आठवत नव्हते, किंवा त्याने तसे दाखवले. “चला, रान बघू,” म्हणाला. शेजारच्या काही शेतकऱ्यांनी मिळून जमिनीखाली भोकांचे पाइप घालून निचऱ्याची सोय केली आहे, त्यांची राने हळूहळू धुपत चालली आहेत, म्हणजे मीठ धुऊन जाते आहे. याचाही विचार चालू आहे. मी खोरे मागून घेतले आणि खड्डा घेतला. पाणी अडीच हातांवर लागले. निचरा आधी, मग ताग-धैंचा, मग पीक आणि पाणी ठिबकने, असा क्रम आम्ही बसून लिहून काढला.

मृग आता तोंडावर आला आहे. पाऊस सुरू झाल्यावर हळद-आल्याच्या सरींत पाणी तुंबते का, लिंबू-संत्र्याच्या खोडापाशी आळ्यात पाणी उभे राहते का, उसाच्या फडाची चर बुजली आहे का, हे छत्री घेऊन एकदा पाहून या. कंदकूज काय, खोडाचा डिंक काय, मूळकूज काय, पुष्कळशा रोगांची सुरुवात तुंबलेल्या पाण्यात असते. अति तेथे माती, असे आपण म्हणतो. पाण्याच्या बाबतीत ती म्हण शब्दशः खरी आहे. आणि पीक मान टाकताना दिसले तर मोटर सुरू करण्याआधी खुरप्याने वीतभर उकरून मूळ हातात घ्या. बांधावरून पान बघून सल्ला देणारा कोणी साहेब आला, तर त्याच्याही हातात खुरपे द्या.